सुतकातली दिवाळी

दापोडीहून परत आलेला गेनबा घरात गेलाच नाही. बांधावरून तो थेट विहिरीकडे गेला. सारजाबाई तिथं वाफ्यात बसून कांद्याचं रोप खुरपत होती. तुझे सासरे चाकणला बाजाराला गेलेत, असं तिनं सुनेला सांगून ठेवलं होतं. खरी गोष्ट तिला एकटीलाच माहीत होती. आदल्या दिवशी एस.टी.च्या कंडक्टरनं कुरुळी फाट्यावर निरोप ठेवला होता, की बन्सीला पुण्याच्या इस्पितळात घातलंय, म्हाताऱ्यानं असेल तसं निघून यावं.

गेनबा वाफ्याच्या कडेला टेकला. त्यानं डोक्याचं मुंडासं सोडून मांडीवर घेतलं. तेवढ्यावरून सारजाबाई समजली.

बन्सी त्यांचा एकुलता एक मुलगा. पिंपरीला औषधाचा मोठा कारखाना सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती, आणि आसपासच्या गावांतली तरणी पोरं एकेक करून शेत सोडून तिकडं कामाला लागत होती. बन्सी त्या सगळ्यांच्या आधी गेलेला. दापोडीला लोहारकामाच्या एका छोट्या कारखान्यात तो होता. रेल्वेच्या रुळांजवळ एका चाळीत, मालोजी नावाच्या चुलतभावाबरोबर राहायचा आणि सुटीला एस.टी.नं गावी यायचा. दिवाळीला भरपूर रजा मिळावी म्हणून मधल्या सुट्यांना येणार नाही, असं तो बायकोला या खेपेला सांगूनच गेला होता. रुळाकडेनं चालताना गंजलेल्या पत्र्याचा तुकडा त्याच्या टाचेत घुसला. त्यानं हळद दाबली आणि कामावर गेला. आठवड्यानं त्याचं तोंड उघडेना. धनुर्वात. गेनबा पोचला तेव्हा पोरगा धनुकलीसारखा वाकला होता. दुपारी सगळं संपलं.

“गावात का न्हाई आणला?” सारजाबाईनं विचारलं.

“ठकूमुळं,” गेनबा म्हणाला.

ठकू म्हणजे ठकुबाई, बन्सीची बायको. तिचे दिवस भरत आले होते. हे तिसरं बाळंतपण. पहिल्या वेळी सातव्या महिन्यात तिचा भाऊ विहिरीत पडून गेल्याची बातमी कुणीतरी धाडकन अंगणातून ओरडून सांगितली, आणि त्याच रात्री तिचं पोट रिकामं झालं. दुसरंही टिकलं नाही. या खेपेला मंजुळाबाई सुईण रोज येऊन पोट बघून जायची आणि जाताना एकच सांगायची, की हिला धक्का बसेल असं काही होऊ देऊ नका. इस्पितळाच्या व्हरांड्यात गेनबाला तेच आठवत राहिलं. त्यानं मालोजीला सांगितलं, की आपण दापोडीलाच नदीकाठी उरकू, आणि आग तूच दे. मालोजीनं आग दिली, मिशी उतरवली. गेनबाची मिशी जागेवर राहिली, म्हणून त्याला घरी तोंड दाखवता येत होतं.

सारजाबाईनं हातातलं खुरपं मातीत रोवलं. मग म्हणाली, “तिला सांगायचं न्हाई. बाळंत हुईस्तवर न्हाई.”

“दिवाळी हाय.”

“तर दिवाळी करायची.”

गेनबाला ते पटलं की नाही कोण जाणे. तो उठला, विहिरीवर गेला आणि डोक्यावरून पाणी घेतलं. सारजाबाईनंही घेतलं. ओल्या लुगड्यानं घरी आली तेव्हा ठकूनं विचारलं, तर मोटेच्या थारोळ्यात घसरले म्हणाली. त्या दिवशी वसुबारस होती. ठकूनं गाय आणि वासरू पुजलं, वासराच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हसत म्हणाली, की पुढच्या वर्षी माझं वासरूही इथंच उभं असंल.

त्यांची वस्ती गावापासून लांब होती, रानात एकटी. त्याचा उपयोग झाला. गेनबा गावात जाऊन भावकीच्या घरोघरी सांगून आला, की वस्तीकडं कुणी रडायला येऊ नका. बहुतेकांनी ऐकलं. भावकीनं आपापल्या घरी कढई चढवली नाही, दारात रांगोळी काढली नाही. मरण झालं की दहा दिवस तळण करायचं नाही, देवाला हात लावायचा नाही, ही रीत कुणाला शिकवावी लागत नव्हती.

धनत्रयोदशीला मात्र रुक्मिणीबाई आल्या. भावकीतल्या त्या सगळ्यांत वयस्कर, त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. ठकू आत पीठ मळत होती. सारजाबाईनं त्यांना खळ्यावरच अडवलं. पोरीला सांगायचं नाही इथवर रुक्मिणीबाईंना मान्य होतं. पण सुतकात सण करणं त्यांच्या गळी उतरेना. दुखतंय-खुपतंय म्हणून निजून राहा, काहीही सबब सांग, पण कढई ठेवू नकोस, असं त्यांचं म्हणणं पडलं. सारजाबाई म्हणाली, की मी निजले तर ती माझ्या उशाशी बसून विचारत राहील.

“पोटचा पोर गेलाय तुझा,” रुक्मिणीबाई म्हणाल्या, “आन तू करंज्या तळतीस. देवाला काय तोंड दावशील?”

“देवाला इचारायचं आसंल तर तो यील वस्तीवर. मी हितंच हाय.”

रुक्मिणीबाई पाणीही न घेता परत गेल्या.

करंज्या दोघींनी मिळून केल्या. ठकूचा हात मुरड घालण्यात चांगला होता. पाटावर बसून, मोठं पोट सांभाळत ती एकेक करंजी ताटात मांडत होती आणि सारजाबाई चुलीपाशी तळत होती. सारणात खसखस जास्त घातली होती, कारण बन्सीला तशी आवडायची. ठकूनं एक करंजी मोडून अर्धी सासूपुढं धरली. सारजाबाई म्हणाली, दाढ दुखतीया. ठकूनं लवंग आणून दिली. ती सारजाबाईनं दाढेखाली धरली आणि धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

नरकचतुर्दशीला उजाडायच्या आत बंबातलं पाणी तापलं. सारजाबाईनं सुनेला तेल लावलं, उटणं लावलं. पाठ झाली, हात झाले. पोटावरून हात फिरवताना आतून एक लाथ तिच्या तळव्याला बसली. जोरकस, जिवंत. सारजाबाईनं हात मागं घेतला.

“लागली व्हय, आत्याबाई?” ठकू हसली. “रातभर आसंच चाललंय त्याचं. बापासारखा दणकट हाय.”

सारजाबाई उठली आणि पाणी घ्यायला म्हणून बाहेर गेली. परत यायला तिला वेळ लागला. ठकू थंडीत कुडकुडत बसून राहिली होती.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बन्सी यायला हवा होता. दुपारपासून ठकू दारात येऊन वाटेकडं बघत होती. शेवटी गेनबानं सांगितलं, की फाट्यावर निरोप आलाय, कारखान्यात ओव्हरटाइम निघालाय, पोरगा पाडव्याला येईल. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. बोलताना तो बैलाच्या दाव्याची गाठ सोडत होता आणि पुन्हा मारत होता. संध्याकाळी पूजेची वेळ झाली तेव्हा सारजाबाई सुनेला म्हणाली, की यंदा तूच पूजा कर. मग ती आणि गेनबा दोघं गोठ्याच्या दाराशी उभे राहिले. गेनबानं हळूच विचारलं, की तिला तरी हात लावू द्यावा का देवाला.

“सुतक कानावर पडल्यापासनं लागतं,” सारजाबाई म्हणाली. “तिच्या कानावर न्हाई पडलं. या घरात तीच येक सवळी हाय.”

आत ठकू दिव्यापुढं वाकली होती. पोटामुळं तिला नीट वाकता येत नव्हतं.

पाडव्याचा दिवस उजाडला. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. ठकूनं सकाळीच तबक तयार केलं, निरांजन घासून ठेवलं. दुपार झाली तरी बन्सीचा पत्ता नव्हता. सारजाबाई म्हणाली, संध्याकाळपर्यंत बघू. सारजाबाई बाजरीची कणसं आत टाकायला गेली आणि इकडं ठकूनं तबक फडक्यात बांधलं, डोईवर पदर घेतला आणि फाट्याच्या वाटेला लागली.

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. तिला वाटलं होतं, नवऱ्याला सुटी मिळत नाही तर आपण जाऊ, ओवाळू, मालोजीभावजींच्या खोलीवर राहू आणि सकाळी परत येऊ. दिवस भरलेत हे तिला कळत होतं. पण दोन वर्षांत दोन लेकरं गेल्यावर यंदा पहिल्यांदा ती आनंदात होती, आणि आनंदात माणूस असलं काही करतो.

गेनबानं रानातून तिला पाहिलं. तो धावत सुटला, तरी ती फाट्यावर पोचलीच. लिंबाखाली दगडावर बसली होती. पाय सुजले होते. फडक्यातलं तबक तिनं मांडीवर घट्ट धरलं होतं. गेनबा धापा टाकत जरा लांब बसला, कारण सुनेच्या शेजारी बसायची रीत नव्हती.

“मामंजी, तुमी मागं फिरा. मी ववाळून उद्या येते.”

गेनबा म्हणाला की आज नको, उद्या मी स्वतः तुला घेऊन जातो. तिनं त्याच्याकडं नीट बघितलं. इतके दिवस बघितलं नव्हतं तसं.

“तुमी त्यांना कवा बघितलं?”

तिथं खोटं बोलता आलं असतं. पण त्याच्याजवळ आता काही उरलं नव्हतं.

“वसुबारशीच्या आदल्या दिशी.”

“म्हंजी चाकणला गेलाच न्हवता.”

“न्हाई.”

“लई आजारी हाईत?”

खेडकडून पुण्याला जाणारी गाडी वळणावर दिसली. ठकू उठली आणि तिनं हात वर केला. गेनबानं पुढं होऊन तिचं मनगट धरलं. सासऱ्यानं सुनेला हात लावायचा नसतो. त्यानं लावला, तेव्हाच ती थांबली.

“बन्सी न्हाई गं पोरी आता,” तो म्हणाला.

गाडी उभी राहिली. कंडक्टरनं येताय का म्हणून विचारलं. गेनबानं मानेनंच नाही म्हटलं. धूळ उडवत गाडी मोशीच्या दिशेनं निघून गेली. ठकू उभीच होती. गेनबानं तिला टाचेतल्या पत्र्यापासून नदीकाठापर्यंत सगळं सांगितलं. ती मधूनमधून विचारत गेली.

“माझ्याबद्दल काय बोललं का?”

“दातखीळ बसली हुती. बोलता येत न्हवतं. डोळं उघडं हुतं.”

“आग कंच्या वक्ताला दिली?”

“दिस मावळताना.”

“त्या वक्ताला मी जात्यावर बसले हुते,” ठकू म्हणाली. “ववी म्हणत हुते.”

परतीच्या वाटेवर ती पुढं चालली आणि गेनबा मागून. अर्ध्या वाटेत ती एकदा कमरेवर हात ठेवून थांबली, मग पुन्हा चालू लागली.

अंगणात सारजाबाई उभी होती. दोघांना बघताच तिला कळायचं ते कळलं. ठकू तिच्याकडं न बघता दारापर्यंत गेली आणि रांगोळी पायानं पुसली. आत जाऊन करंज्यांचा डबा घेऊन आली आणि गव्हाणीत पालथा केला. बैलांनी वास घेतला आणि खायला सुरुवात केली. मग ती सासूसमोर येऊन उभी राहिली.

“मला त्यांचं तोंड बघू दिलं न्हाई तुमी.”

सारजाबाई म्हणाली, की बघितलं असतंस तर हे पोरही गेलं असतं.

“गेलं आसतं. न्हाईतर राह्यलं आसतं. पर नवरा माझा हुता. जायाचं का न्हाई, ह्ये मला इचारायचं हुतं. मला उटणं लावलंत तुमी, आत्याबाई. मी हसत हुते.”

सारजाबाई खाली बसली आणि इतके दिवस दाबून धरलेलं रडू एकदम वर आलं. तिचा आवाज रानातून पार गावाच्या बाजूला गेला असावा, कारण थोड्या वेळानं भावकीतल्या बाया एकेक करून वस्तीवर येऊ लागल्या. सगळ्यांत पुढं रुक्मिणीबाई होत्या. त्यांनी सारजाबाईला मांडीशी घेतलं. मागं झालेलं काही काढलं नाही. ठकू त्या रडण्यात बसली नाही. ती आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

पहाटे तिला कळा सुरू झाल्या. मंजुळाबाईला बोलावणं गेलं. सकाळभर ठकूनं तोंडातून आवाज काढला नाही, त्याचीच मंजुळाबाईला भीती वाटत होती. ओरड बाई, ओरड, म्हणून ती सांगत होती. भाऊबीजेच्या दुपारी मुलगी झाली. मंजुळाबाईनं तिला उलटी धरून पाठीवर थोपटलं, आणि ठकूच्या तिसऱ्या बाळंतपणात पहिल्यांदा लेकरू रडलं.

मुलगी जगली. सारजाबाईला वाटलं होतं, की लेकराचं तोंड बघितल्यावर ठकूच्या मनातलं निघून जाईल. तसं झालं नाही. घरात जन्माचं सोयर आणि मरणाचं सुतक एकदमच आलं होतं, त्यामुळं बारशाला कुणी आलं नाही, आणि बांगड्या फोडायला आलेल्या बायांना बाळंतिणीच्या खोलीच्या दारातच थांबावं लागलं. ठकूनं स्वतःच बांगड्या उतरवल्या आणि हात बाहेर काढून त्यांच्या ओंजळीत दिल्या. सारजाबाई रोज नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, शेक द्यायची, सुनेला डिंकाचा लाडू खायला लावायची. ठकू सगळं करून घ्यायची. पण बोलणं कामापुरतंच. पाणी तापलं का, धुरी दिली का, एवढंच. आत्याबाई म्हणून हाक मारणं तिनं सोडून दिलं होतं.

सव्वा महिना झाला त्या दिवशी ठकू गेनबाला म्हणाली, की मला ती जागा बघायची आहे. गेनबा पटका बांधून तयार झाला. सारजाबाईनं लेकरासाठी दुपटी बांधून दिली. मला पण यायचंय असं ती म्हणाली नाही आणि कुणी तिला विचारलंही नाही.

दापोडीला मालोजी त्यांना नदीकाठी घेऊन गेला. थंडीचे दिवस होते. पात्र खाली गेलं होतं. थोड्या अंतरावर परीट कपडे धूत होते, मागून पुलावरून मालगाडी जात होती. मालोजीनं एका ठिकाणी बोट दाखवलं. मग इकडंतिकडं बघून दुसरीकडं दाखवलं. नंतर त्यानं हात खाली घेतला. तेव्हापासून तिथं बऱ्याच जणांना आणलं होतं, आणि राख नदीतच सोडायची असल्यानं खूण म्हणून काही उरलं नव्हतं. त्याला त्याची लाज वाटत होती. तो म्हणाला, “वैनी, त्या दिशी मलाबी नीट दिसत न्हवतं.”

ठकूनं मान हलवली. काठावर एक सपाट जागा बघून ती खाली बसली. मुलगी रडायला लागली होती, तिला पदराखाली घेऊन पाजलं. गेनबा आणि मालोजी पाठ करून उभे राहिले. मुलीचं पिऊन झाल्यावर ती उठली आणि गाडी चुकेल म्हणाली.

वस्तीवर परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. सारजाबाई दारातच होती. तिनं पाय धुवायला पाणी दिलं, लेकरू घेतलं. मग, विचारू नये असं वाटूनही तिनं विचारलं, “जागा घावली का गं?”

“न्हाई. कुणाला ठावं न्हाई.”

सारजाबाईनं मान खाली घातली. तिच्या हातातली मुलगी पेंगत होती. ठकू बघत राहिली. लाल लुगड्यातली ही म्हातारी दिवाळीचे सगळे दिवस चुलीसमोर बसलेली तिला आठवली, आणि एक गोष्ट तिच्या मनात पहिल्यांदाच आली.

“तुमी तरी कुठं बघितलंत त्यांना,” ती म्हणाली.

सारजाबाईनं मान हलवली. “मला वाटलं, मी गेले तर तू इचारशील कुठं गेल्या म्हणून.”

माफ केलं असं ठकूनं कधीच म्हटलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही. पुढं पुष्कळ वर्षं त्या एकाच घरात राहिल्या, एकाच रानात राबल्या, ती मुलगी वाढवली, आणि दिवाळी आली की दोघी एकमेकींच्या नजरेला नजर देत नसत. पण त्या संध्याकाळी ठकूनं पायांवर पाणी घेतलं, आत गेली, चूल पेटवली आणि परातीत भाकरीचं पीठ घेतलं.

“आत्याबाई,” तिनं आतून हाक मारली, “तिला आत आणा. भायेर गार हाय.”